बाहेरच्या कोनाड्यातला कप

शिमिझू, जपान
६ मार्च १९८३

आज तेरावं दुकान सापडलं. गोदीमागच्या गल्लीत, न्हाव्याच्या दुकानाला चिकटून. बाहेर पाटी एवढीशी, की आपल्याकडे वकिलाच्या दारावरसुद्धा याहून मोठी असते. आत सात खुर्च्या. काचेच्या भांड्याखाली स्पिरिटचा दिवा लावून म्हातारा मालक उभा. पाणी वर चढतं, काळं होऊन खाली येतं, आणि तोवर दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही. मला वाटलं, आपण चुकून कुणाच्या दहाव्याला येऊन बसलो. मग कॉफी आली आणि गप्प का बसायचं ते कळलं.

मुंबईच्या कंपनीने ट्रॉलरची इंजिनं शिकायला मला इथे पाठवलं त्याला दोन वर्षं होतील. आठवडा ग्रीसमध्ये निघून जातो, रविवार मात्र खायला उठतो. म्हणून गल्ल्या पालथ्या घालतो. या वहीच्या पुढच्या पानांवर नकाशे काढलेत. लाल टपालपेटी, मग डावीकडे, मांजर बसतं ती भिंत, मग हिरवं दार. एका ठिकाणी पिवळी चिमणी पिंजऱ्यात गाते. एका ठिकाणी सकाळी कॉफी मागितली की पाव आणि उकडलेलं अंडं न मागता पुढ्यात येतं. पहिल्या दिवशी मी ते परत केलं, मालकीण खट्टू झाली. दुकानवाल्या बाईला इथे ‘मामा’ म्हणतात. हे पत्रात लिहिलं तर आप्पा दोन दिवस हसतील.

पालीच्या चहावाल्याचा मुलगा समुद्रापार येऊन लोकांची दुकानं हुंगत फिरतो. आप्पा म्हणतील, आपलं काय वाईट होतं? वाईट नव्हतं. पण तिथे मी कधी गिऱ्हाईक म्हणून बसलो नाही.

२० मार्च १९८३

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

‘कामोमे’ हे माझं सगळ्यांत लाडकं दुकान. कामोमे म्हणजे समुद्रपक्षी. मोरिता-सान नावाची साठीची विधवा बाई एकटी चालवते; ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’, ‘बाई’, इथे सगळ्यांनाच लावतात. तिच्यामागे फळीवर पंधरा-वीस कप, एकासारखा दुसरा नाही. नेहमीच्या माणसाचा ज्याचा त्याचा कप. कोळ्याचा निराळा, पोस्टातल्या माणसाचा निराळा, बँकेतल्या मुलीचा निराळा. ते आत आले की न विचारता फळीवरून ज्याचा तोच कप खाली येतो. मी पाच महिने जातोय, मला साधा पांढरा मिळायचा.

आज मी बसलो तर बाईने फळीवरून एक जुना तपकिरी कप काढला. काठाला टवका उडालेला, तो लाखेने सांधलेला. म्हणाली, हा माझ्या नवऱ्याचा, आजपासून लवू-सानचा. मग चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरांत माझं नाव लिहून फळीला चिकटवलं. टवका उडालेला कप दिला म्हणून मी क्षणभर गोंधळलो. शेजारच्या कोळ्याने खुणेने समजावलं, जुना आणि जपलेला, म्हणून मोठा मान.

मी रडलो. सरळ लिहितो, लाज कसली. परक्या मुलखात फळीवर आपला एक कप असावा याहून माणसाला काय पाहिजे?

११ एप्रिल १९८३

आप्पांचं पत्र. अक्षर नेहमीप्रमाणे आनंदाचं. आनंदा माझा पहिलीपासूनचा सोबती, आता पालीच्या पोस्टात पोस्टमास्तर आहे. आप्पांना लिहिता येत नाही, म्हणून दर पंधरवड्याला पोस्ट बंद झाल्यावर तो दुकानाशी येतो, आप्पा सांगतात, तो लिहितो. पायरीवरच बसतो. मागच्या रजेत मी किती वेळा म्हटलं, चहा घे. तर म्हणे पित्त होतं. भागोजी, त्याचा बाप, तोही तसाच. आमच्या भट्टीला लाकडाची मोळी आणून टाकायचा आणि मागच्या अंगणात चिऱ्यावर बसायचा. त्याला वाऱ्याची फार आवड.

पत्रात आप्पा म्हणतात, डोळ्यांना दिसत नाही, आता ये. आणि खाली बारीक अक्षरात आनंदाचं स्वतःचं : “लवू, हे त्यांनी सांगितलेलं नाही. मी लिहितोय. लवकर ये.”

करार एक वर्ष वाढवायला मी गेल्या महिन्यात सही करून बसलोय. एवढ्यातेवढ्याने मोडता येत नाही. आप्पा काटक आहेत.


पाली, जिल्हा रत्नागिरी
१४ ऑक्टोबर १९८५

अडीच वर्षांनी ही वही उघडली.

आप्पा जानेवारी चौऱ्याऐंशीत गेले. मी पोचलो तेव्हा तेरावंही उरकलं होतं. तार आनंदाने केली, दवाखान्यात रात्री त्यानेच काढल्या, असं लोक सांगतात. मी त्याचे आभार मानले तर म्हणाला, “आभार कसले मानतोस.”

आता कायमचा आलोय. मुंबईची खोली सोडली. बायको विमला परळमध्ये वाढलेली, पण कुरकुर न करता आली. आप्पांचं दुकान पावणेदोन वर्षं बंद आहे, ते उघडायचं. पण चहाचं नाही, कॉफीचं. ‘कामोमे’सारखं. फळीवर ज्याचा त्याचा कप.

सगळा दिवस साफसफाई. शेजारच्या ठमाबाई मदतीला आल्या. मागच्या भिंतीला बाहेरून एक कोनाडा आहे, त्यात कोळिष्टकांमागे एक कप मिळाला. जाड पांढऱ्या चिनी मातीचा, निळी रेघ, काठाला टवका. आप्पांच्या वेळचा हा एवढा एकच कप उरलाय, बाकी भांडी भाऊबंदांनी नेली. मी राखेने घासून लख्ख केला. टवक्यावर बोट फिरवलं आणि मोरिता-सानची आठवण आली.

ठमाबाईंनी बघितला. म्हणाल्या, “ह्यो कुटं गावला? भायेर ठेव त्यो, बाला. आतल्या भांड्यांत मिसलू नको.”

“का हो?”

“भायेरचाच हाय त्यो,” म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन निघून गेल्या.

जुन्या बायकांना फुटकं भांडं घरात चालत नाही. मी हसलो आणि कप आतल्या फळीवर मधोमध ठेवला.

३ नोव्हेंबर १९८५

आनंदा आला होता. पायरीवर बसायला लागला, मी दंड धरून उठवला. उंबऱ्याशी उभा राहून त्याने आत पाहिलं. सुताराने केलेल्या फळ्या, मुंबईहून आणलेल्या आठ खुर्च्या, काचेची भांडी. बराच वेळ पाहत होता.

मी त्याला शिमिझूचं सगळं सांगितलं. गल्ल्या, पिंजऱ्यातली चिमणी, न मागता येणारं अंडं. अंड्याला तो खूप हसला. म्हणाला, “पालीत फुकट अंडं दिलंस तर लोक म्हणतील, नासलेलं आहे.”

मग मी म्हटलं, “एक तारखेला उघडतोय. रविवार आहे, तुला सुट्टी. पहिला कप तुझा.”

“माझा?”

“मग कुणाचा? आप्पांची पत्रं तू लिहिलीस.”

“आत बसून?”

“नाहीतर काय बाहेर?” मी हसलो.

तो हसला नाही. जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं पित्ताचं काढणार. पण म्हणाला, “येईन. राहीलाही आणतो.” राही त्याची बायको. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पित्तबित्त सगळं विसरून तो यायला तयार झाला. जाताना पायरीवरून मागे वळून त्याने विचारलं, “कॉफी कडू असते ना रे फार?”

२९ नोव्हेंबर १९८५

कप आले. सात, सगळे निराळे. एस.टी.चा ड्रायव्हर धोंडू याला जाड हिरवा, कारण त्याचे हात दांडगे. गंगाराम मास्तरांना नाजूक कानाचा. ज्याला त्याला त्याचा स्वभाव बघून. विमला म्हणते, मुलींची लग्नं जमवल्यासारखं चाललंय तुमचं.

आठवा कप आनंदाचा. तो कुठचा, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आप्पांच्या दुकानातला शेवटचा कप. जुना आणि जपलेला. मोरिता-सानने मला दिला तसा मी त्याला देणार. चिठ्ठीवर नाव लिहून तयार आहे, उलटी ठेवलीय.

१ डिसेंबर १९८५

दुकान उघडलं. सगळं नीट झालं, एक सोडून.

नारळ फोडला. वीसेक माणसं आली. आनंदा पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, राहीवहिनी नव्या लुगड्यात. दोघं उंबरा ओलांडून आत आली आणि मी मधल्या खुर्च्यांवर बसवली. वहिनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. आनंदा सावकाश मागे टेकला. त्याचा चेहरा असा उजळलेला मी शाळेत निकालाच्या दिवशी पाहिला होता, त्यानंतर आज.

मी दोन वाक्यांचं भाषणही केलं. म्हटलं, जपानात मोठ्या मानाच्या माणसाला त्याचा स्वतःचा कप देतात, त्यात दुसऱ्या कुणाला देत नाहीत. या दुकानातला पहिला आणि सगळ्यांत जुना कप माझ्या मित्राचा. आणि तो कप, कॉफी भरून, त्याच्यासमोर ठेवला. चिठ्ठी फळीला लावली : आनंदा.

त्याने कप हातात घेतला. न बघता, अंगठ्यानेच फिरवून टवका पलीकडे केला. ओठांपर्यंत नेला. मग बशीत ठेवला. राहीवहिनी त्याच्याकडे पाहत होत्या, त्यांच्या साध्या कपाला त्यांनी हातही लावला नाही. ठमाबाई दारात होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला. आनंदा उठला, “पोस्टाची किल्ली विसरलो,” म्हणाला, आणि दोघं निघून गेली.

रविवारी कसली किल्ली?

कॉफी तशीच राहिली. साय धरली होती.

४ डिसेंबर १९८५

आला नाही. कॉफी कडू लागली असेल, मी साखर कमी घातली होती. पण ओठाला न लावता कशी कडू लागेल?

९ डिसेंबर १९८५

मीच पोस्टात गेलो. जाळीच्या मागून त्याने मान वर केली. “काय हवंय तुम्हाला? पाकीट की अंतर्देशीय?”

तुम्हाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, “आनंदा, काय झालं ते तरी सांग.” तर मागच्या माणसाला म्हणाला, “पुढे या.” माझं डोकं फिरलं. मी सात कप नवे आणले आणि याला त्यातला दिला नाही, बापाची आठवण दिली, त्याची ही किंमत? एक अंतर्देशीय घेतलं नि परत आलो. ते कोरंच पडलंय.

२२ डिसेंबर १९८५

दुकान बरं चाललंय. लोक कॉफी बशीत ओतून फुर्रकन पितात आणि “काढा बरा झालाय” म्हणतात. अंड्याचं आनंदा म्हणाला तसंच झालं, दोन दिवस कुणी शिवलं नाही. पण कपाचं सगळ्यांना वेड लागलंय. धोंडू पाव्हण्यांना घेऊन येतो, आपला हिरवा कप दाखवायला. गंगाराम मास्तरांनी तर पाव्हण्याबिव्हण्याला तो मिळणार नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

फळीवर आनंदाचा कप आणि चिठ्ठी तशीच आहे. आता मला वाटायला लागलंय, हा मत्सर असेल का? मी परदेशात राहून आलो, दुकान काढलं, आणि तो त्याच जाळीमागे. माणसाच्या मनात काय असतं कुणाला कळलंय. असा विचार लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं कारण सापडत नाही.

विमलाला म्हटलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला. ती म्हणाली, “आनंदाभावोजींना मत्सर? त्यांनी तुमच्या वडिलांचं सगळं केलं.” थोड्या वेळाने म्हणाली, “तो कप तुम्हाला मिळाला कुठे?” मी सांगितलं, मागच्या कोनाड्यात. ती उठून मागच्या अंगणात गेली.

५ जानेवारी १९८६

हे लिहायला हात धजत नाही. पण या वहीत खोटं लिहिलेलं नाही, तेव्हा लिहितो.

दुपारी दुकान रिकामं होतं. विमला मागच्या अंगणात भांडी घासत होती. तिथून हाक मारून म्हणाली, “अहो, एक सांगा. दुकान आत, चहा आत, भांडी आत. मग कपाला कोनाडा बाहेर कशाला?”

मी सहज सांगायला गेलो, “तो भागोजीचा,” आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

सगळं दिसलं. मी सहा-सात वर्षांचा. दोन्ही हातांत किटली. भागोजी मोळी टाकून आलेला, चिऱ्यावर बसलेला, कोनाड्यातला कप स्वतःच काढून दोन्ही हातांनी खाली धरलेला. आणि आतून आप्पांचा आवाज, “वरून ओत रे, टेकवू नको.” मी वरून ओततो. धार हलते. भागोजी म्हणतो, “सावकास बाला, हात पोलंल.” चहा पिऊन तो कप पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात स्वतः धुतो, कोनाड्यात पालथा घालतो, आणि जातो. रोज. त्याच्या शेजारी आनंदा उभा असायचा, पाटी घेऊन. मग आम्ही दोघं मिळून शाळेत जायचो.

वाऱ्याची आवड! मी माझ्या हाताने लिहिलंय वर. वाऱ्याची आवड, आणि पित्त.

मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ओतत तर मीच होतो. मी विसरलो, एवढंच. त्यांच्यापैकी कुणी विसरलं नसणार. माझ्या बापाहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला मी भागोजी म्हणायचो, नुसतं भागोजी, आणि आजतागायत तसंच लिहीत आलो. शिमिझूत मात्र परक्या न्हाव्यालाही सान लावत होतो.

विमला दारात येऊन उभी होती. तिला पहिल्याच दिवशी शंका आली होती, आज कळलं. म्हणाली, “तुमच्या तुम्हाला आठवायला हवं होतं.”

६ जानेवारी १९८६

सकाळी मला एक सुचलं. आता लिहिताना वाटतं, ते सुचलंच नसतं तर बरं झालं असतं.

आनंदा साडेनऊला मागच्या पाणंदीने पोस्टात जातो. मी मागच्या अंगणात त्या चिऱ्यावर जाऊन बसलो. तोच कप घेऊन, त्यात काळी कॉफी घेऊन. धोंडू आणि मास्तर आतून माना काढून बघत होते. म्हटलं, बघू देत.

आनंदा आला. छत्री, डब्याची पिशवी. मला पाहून थांबला.

“हे काय चाललंय?”

“चुकलो रे मी.”

“उठ आधी तिथून.”

“मला आठवलं नाही, आनंदा. खरंच आठवलं नाही.”

“ते कळलं मला,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. “कप समोर ठेवलास तेव्हा वाटलं, मुद्दाम करतोयस. मुद्दाम केलं असतंस तर तिथल्या तिथे भांडलो असतो. मग तुझं तोंड बघितलं. तू खूश होतास. तेव्हा बोलण्यासारखं काही राहिलंच नाही.”

मी म्हटलं, तिथे तो मान असतो, मला स्वतःला असाच कप मिळाला होता, टवका गेलेला, मी रडलो होतो.

“रडशीलच. तुला बरं वाटलं असणारच. तुला त्याआधी कधी कुणी वेगळा कप दिला नव्हता, लवू.”

त्याने हात पुढे केला. “दे तो.”

मी कॉफी ओतून टाकली, कप त्याच्या हातात दिला. त्याने टवक्यावर अंगठा ठेवला. “हा माझ्या हातून गेला. पऱ्ह्यावर धुताना. पाच वर्षांचा होतो. आप्पा म्हणाले, दुसरा मिळायचा नाही. त्यानंतर पंधरा वर्षं बाबा टवका चुकवून प्यायले. मला कधी बोलले नाहीत.”

खिशातून रुमाल काढून त्याने कप गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला.

“आप्पांची पत्रं लिहायला मी पायरीवर बसायचो. शेवटच्या वर्षी त्यांनी एकदा म्हटलं, आत ये. डोळे गेले होते, मला शोधत होते हाताने. मी गेलो नाही. म्हटलं, लवू येईल, तो बोलावील, तेव्हा जाऊ. तू बोलावलंस.” त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. “आणि ऊठ आता. ती बाबांची जागा आहे. तुला हौस आली म्हणून बसायची जागा नाही ती.”

मी उठलो. तो पोस्टाच्या दिशेने गेला, नेहमीच्या चालीने.

१९ जानेवारी १९८६

सगळ्यांचे कप फळीवरून काढले, चिठ्ठ्या फाडल्या. रत्नागिरीहून दोन डझन एकसारखे पांढरे आणले. धोंडू चिडलाय. “माझा हिरवा कुठाय?” रोज विचारतो. मास्तरांनी येणंच सोडलं. ठमाबाई म्हणतात, बापाच्या रीतीला नावं ठेवतोस. मी म्हटलं, नावं ठेवत नाही, आठवण ठेवतोय. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं तर मलाही माझं बोलणं जरा चढेल वाटलं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. मोरिता-सानच्या फळीवर सगळ्यांचेच कप वेगळे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी आता वाटतं, त्यांच्याही गल्लीत कुणी बाहेर उभं राहत असेल का, ज्याच्यासाठी फळीवर काही नव्हतं? मला तेवढी भाषा येत नव्हती. मी नकाशे काढले, दारांचे रंग लिहिले, चिमणी लिहिली. आत कोण येत नाही ते एकदाही लिहिलं नाही. आयुष्यातली ती एक जागा निर्भेळ आनंदाची होती. आता तिच्याकडे पूर्वीसारखं बघवत नाही.

१६ फेब्रुवारी १९८६

आनंदाची बदली झाली. अलोऱ्याला. झाली म्हणजे त्याने मागून घेतली, पोस्टातल्या कारकुनाने विमलाला सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीने निघणार.

मी काही न ठरवता उठलो आणि त्याच्या घरी गेलो. पाणंद उतरून, पऱ्ह्या ओलांडून, वर वाडीत. माझ्या दारापासून दहा मिनिटं. शिमिझूत तेरा दुकानं शोधली, पाऊसपाण्यात मैलोन्‌मैल हिंडलो. या घराचा उंबरा बेचाळीस वर्षांत एकदाही ओलांडला नव्हता. घर कुठलं ते पोरांना विचारावं लागलं, आणि ती पोरं हसली.

आनंदा ट्रंकेला दोरी बांधत होता. मला पाहून दोरी सोडली नाही, गाठ पुरी केली. मग म्हणाला, “ये.”

मी पायरीशी घुटमळलो. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “आत ये म्हटलं.”

भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. खाली लहानशी फळी, त्यावर तो कप. टवका भिंतीकडे फिरवलेला. तेवढं एक अजून बांधलं नव्हतं. मी फोटोला हात जोडले. “भागोजीकाका,” असं मनात म्हटलं, मोठ्याने म्हणायचा अधिकार आहे असं वाटलं नाही. फोटोत ते दमलेले दिसतात. मला ते नेहमी हसतमुख आठवत होते.

राहीवहिनी चुलीशी होत्या. त्यांनी वळून विचारलं, “कॉफी करू?”

मी चकित होऊन पाहिलं. म्हणाल्या, “तुमचं दुकान उघडायच्या आधी ह्यांनी रत्नागिरीहून डबा आणला होता. महिनाभर रोज सकाळी दोघं प्यायचो. मला पहिल्यांदा घशाखाली उतरेना. हे म्हणायचे, सवय कर, त्या दिवशी चारचौघांत तोंड वाकडं व्हायला नको. लवूला वाईट वाटेल.”

आनंदा म्हणाला, “राहू दे गं ते.”

त्या दोघांनी, या खोलीत, माझ्यासाठी महिनाभर कडू पिऊन सवय केली होती. आणि मी मत्सर लिहून ठेवला होता. तो शब्द वहीत वर तसाच आहे, खोडणार नाही.

मी म्हटलं, “जाऊ नकोस, आनंदा.”

“दोरी बांधून झाली,” तो म्हणाला. रागाने नाही. “पत्र लिहीन. तू लिही आधी, माझ्याकडून एक अंतर्देशीय नेलं आहेस.”

वहिनींनी ताटलीत तीन कप आणले. तिन्ही एकसारखे, पांढरे, पिवळ्या फुलांचे. त्यांनी ताटली माझ्यापुढे धरली आणि मी थांबलो. माझा कुठचा, ते मला कळेना. मी एकदा कपांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे.

“घे,” आनंदा म्हणाला. “कुठचाही घे.”